कडूबा ढेपलेचा अस्सल अहवाल

आर्किटेक्ट माणसाचं आडनाव ढेपले असावं, हा काही योग्य प्रकार नाही. घर बांधायला निघालेल्या माणसाला पाटी वाचूनच धडकी भरते. क्रांती चौकात एका औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला ‘कडूबा ढेपले, आर्किटेक्ट’ अशी पाटी आहे. ती वाचून किती गिऱ्हाइकं जिन्यातूनच माघारी फिरली असतील, याचा अंदाज कडूबा स्वतःच बांधत असतो. बरं, आडनाव बाजूला ठेवू म्हटलं, तर नावही कडूबा. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून त्याच्या आईनं, आवडाबाईनं, तिसऱ्याला दृष्ट लागू नये असं कडवट नाव ठेवलं. दृष्ट लागली नाही हे खरं. लागण्यासारखं काही नव्हतंच, हेही कडूबाच सांगतो.

स्वतःची फजिती सांगायला बसला की हा माणूस इतका रंगात येतो, की ऐकणाऱ्याच्या पुढ्यातला चहा निवून जातो. करोडगिरीच्या नाक्याची ही गोष्टही त्याच्याच तोंडची. आपण तिला तिखटमीठ लावलेलं नाही. लावायला त्यानं जागाच ठेवलेली नाही.

शहाण्णव-सत्त्याण्णव सालचा तो काळ. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. दौलताबादच्या किल्ल्याखाली कडूबाच्या बापाची जमीन, त्यात पेरूची बाग. पोरानं बारावीला बरे मार्क पाडले आणि तो शहरात आर्किटेक्चर शिकायला आला. आता आर्किटेक्चर म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगायचं? “इंजनेर व्हनार का?” नाय. “मंग ओव्हरसियर?” तेबी नाय. शेवटी आवडाबाईनंच निकाल लावला. “पोरगं घराची चित्रं काढाया शिकतंय,” असं तिनं सगळीकडं सांगून टाकलं, आणि गावानं तिच्याकडं सहानुभूतीनं पाहिलं.

उस्मानपुऱ्यात एक खोली घेऊन कडूबा राहिला. पहिली दोन वर्षं तो कॉलेजात तोंड उघडायचा नाही, कारण उघडलं की ‘लई’ आणि ‘व्हय’ बाहेर पडायचं आणि बाकीची पोरं हसायची. तिसऱ्या वर्षी त्यानं ‘लई’चं ‘खूप’ केलं आणि ‘व्हय’चं ‘हो’. चौथ्या वर्षी दाढी वाढवली. ती सगळीकडं येत नव्हती, म्हणून जिथं आली तिथं ठेवली. खांद्याला झोळी आली, पायात कोल्हापुरी आली. पाचव्या वर्षी एक शब्द आला आणि त्यानं मात्र घात केला. तो शब्द म्हणजे ‘अस्सल’. तंबाखूची लागावी तशी कडूबाला त्या शब्दाची चटक लागली. ही कमान अस्सल नाही, तो दरवाजा अस्सल नाही, खानावळीतलं पिठलं अस्सल नाही. सुट्टीत घरी गेला तर आवडाबाईला म्हणाला, “आई, चुलीचा पोतेरा अस्सल पांढऱ्या मातीचा नाही.” आवडाबाईनं पोतेऱ्याचा हात तसाच त्याच्या दाढीला पुसला.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा असतो. त्याच्या मार्गदर्शक पद्मजा मॅडम म्हणाल्या, “चांगल्या दुरुस्त्यांचे गोडवे सगळेच गातात. तू एखादी बिघडवलेली जुनी इमारत घे आणि नीट बघ.” यातलं ‘नीट बघ’ कडूबाला ऐकूच आलं नाही. ‘बिघडवलेली’ तेवढं त्यानं उचललं आणि सायकलवर टांग मारली.

छावणी ओलांडून दौलताबादकडं निघालं, की उजव्या हाताला दगडी जोत्यावर एक बैठी, लांबट इमारत होती. निजामाच्या अमदानीत तिथं करोडगिरीचा नाका होता, म्हणजे मालाच्या गाड्या अडवून जकात वसूल करणारी कचेरी. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, पुढं काही वर्षांनी करोडगिरीही उठली. मग कुलूप घातलेल्या त्या नाक्यात मोहल्ल्यातल्या चार शिकलेल्या माणसांनी वाचनालय काढलं. दर्शनी बाजूला तीन दगडी कमानी. पण कडूबा गेला तेव्हा त्या विटांनी बुजवून त्यात लोखंडी खिडक्या बसवलेल्या होत्या. आतल्या भिंतींना माणसाच्या खांद्याइतका निळा ऑइलपेंट. जमिनीवर न्हाणीघरात असतात तसल्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स. अंगणावर पत्रे. आणि रस्त्याकडच्या भिंतीवर ओळीनं देवांच्या टाइल्स लावलेल्या, गणपतीपासून मक्केच्या चित्रापर्यंत कुणालाही वगळलेलं नव्हतं.

कडूबाला आनंदाचं भरतं आलं. इतकी बिघडलेली इमारत आपल्या नशिबात असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

वाचनालयाचे अध्यक्ष होते आप्पासाहेब. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्याला टोपी, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरगं झोपेतून दचकून उठावं. ते रोज सकाळी स्वतः कुलूप काढायचे, वर्तमानपत्रांच्या घड्या मोडून टेबलावर मांडायचे आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आपल्या वाचनालयावर कॉलेजचा विद्यार्थी अभ्यास करतोय म्हटल्यावर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कडूबाला त्यांनी वेगळं टेबल दिलं, चहा सुरू केला, आणि येईल त्याला सांगू लागले, “हे ढेपले साहेब. आपल्या बिल्डिंगीवर पुस्तक लिवतेत.”

हिवाळाभर कडूबा मापं घेत होता. आप्पासाहेब मागं हात बांधून जवळ यायचे. “काय मापलं आज?” “खिडकी.” “आस्सं.” मग ते जरा थांबायचे. आता हा पोरगा विचारील, आप्पासाहेब, ही खिडकी कधी बसवली, कामून बसवली, अशी त्यांची अपेक्षा असायची. कडूबा टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “जरा घट्ट धरा.” ते धरायचे. माणसांना विचारणं हे कडूबाच्या सर्वेक्षणात बसतच नव्हतं. दगड खोटं बोलत नाहीत आणि माणसं बोलतात, असं त्याचं त्या काळातलं मत होतं. भिंतीवर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं, तेव्हा हे पाप कुठल्यातरी ठेकेदाराचं, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

प्रबंध इंग्रजीत होता. इंग्रजीत कडूबाची मुळातच ओढाताण, त्यामुळं भाषा सभ्य राहिली. पण आप्पासाहेब म्हणाले, “आमाला कळंल अशी एक प्रत मराठीत द्या की. सभेत वाचू.” आणि मराठीत बसल्यावर कडूबाच्या लेखणीला जे पाय फुटले म्हणता! एका बैठकीत त्यानं अहवाल लिहून काढला, स्वतःच दोनदा वाचला आणि स्वतःवरच खूश झाला. सभेचं आमंत्रण आलं तेव्हा इस्त्रीचा झब्बा घालून गेला. लोक टाळ्या वाजवतील, असं त्याला खरंच वाटत होतं. इतका गाढवपणा माणसाला एका जन्मात जमतो कसा, असं तो आता विचारतो.

सभेला पंचवीस-तीस सभासद होते. अहवाल आप्पासाहेबांनी स्वतः वाचायला घेतला. चष्मा लावला, घसा खाकरला, आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत सुरू केलं.

“‘आत पाऊल टाकताच आपण वाचनालयात आलो आहोत की न्हाणीघरात, असा प्रश्न पडतो.’”

मागं कुणीतरी फिस्कन हसलं. आप्पासाहेबांनी वर पाहिलं नाही.

“‘भिंतींचा निळा रंग पाहून डोळ्यांना उलटी येते.’ डोळ्याला उलटी येत नसती, ढेपले, पण असू द्या. ‘कमानींचे गळे विटांनी आवळले आहेत. हे ज्याने कोणी केले, त्याला दृष्टी तर नव्हतीच, बहुदा डोळेही नसावेत.’ बहुधा. ध ला धनुष्यातला ध.”

आता हसू थांबलं होतं. लोक कडूबाकडं पाहीनात, आप्पासाहेबांकडंही पाहीनात. सगळे खालच्या टाइल्सकडं बघत होते. काहीतरी चुकतंय एवढं कडूबाला कळलं, काय ते कळेना. शेजारी वाचनालयाचे चिटणीस काकासाहेब बसले होते. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. “लई जबरदस्त लिहिलंय राव. आन् तेबी त्यांच्याच तोंडावर! हे समदं आप्पासाहेबांनीच करून घेतलंय. अठ्ठ्याऐंशी साली. टाइल्सबी त्यांनीच पसंत केल्या.”

कडूबाच्या तोंडचं पाणी पळालं. उठून कागद हिसकावून घ्यावेत असं वाटलं, पण पाय उचलेनात. आप्पासाहेब वाचत होते. एक ओळ गाळली नाही, एक शब्द गिळला नाही. शेवटचं वाक्य त्यांनी जरा सावकाश वाचलं.

“‘थोडक्यात, या इमारतीत अस्सल असे काहीही उरलेले नाही.’”

त्यांनी चष्मा काढला. कागद नीट सारखे केले.

काकासाहेब उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठलीही जुनी इमारत पाहिली की त्याच्या डोळ्यापुढं शटर लावलेले गाळे नाचायचे. नाका पाडून खाली गाळे आणि वर वाचनालयाची खोली काढायची, हा ठराव ते दरसाल मांडायचे आणि दरसाल आप्पासाहेब तो हाणून पाडायचे. “निजामाच्या टायमाची वास्तू हाय, तिला हात लावू देनार नाय,” एवढं एक वाक्य ते बोलायचे आणि सभा संपायची. आज काकासाहेबांनी ठराव पुन्हा मांडला, आणि सगळे त्या वाक्याची वाट बघत बसले.

“घ्या करून,” आप्पासाहेब म्हणाले. “मला वाटायचं, मी काहीतरी राखतोय. आता शिकलेल्या लेकरानं मापं घेऊन सांगितलं, काईच नाय राहिलं म्हणून. मंग कशासाठी आडवं पडायचं? येत्या रविवारी सर्वसाधारण सभा बोलवा. मी सही करतो.”

कडूबा उठला आणि म्हणाला, “आप्पासाहेब, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“तसंच लिवलंय तुमी,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि कडूबाला तेच जास्त लागलं. “चांगलं लिवलंय. शुद्धलेखन तेवढं बघा.”

दुसऱ्या दिवशी तो पद्मजा मॅडमपुढं जाऊन उभा राहिला. जुनी इमारत आपल्याच अहवालामुळं आता पाडायला काढलीय, हे सांगताना त्याला रडू फुटायचं बाकी होतं. मॅडमनी अहवाल वाचला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

“मॅडम, बदलून देऊ का? छान आहे म्हणून लिहू?”

“खोटं कशाला लिहितोस?”

“मग काय करू?”

“जे लिहिलंस ते खरं आहे का, ते आधी बघून ये. मी तुला नीट बघ म्हणाले होते.”

कडूबा दोन दिवस नाक्याच्या बाजूला फिरकलाच नाही. रस्त्यानं जायचं झालं तर लांबच्या फेऱ्यानं जायचा. शनिवारी मात्र गेला, कारण रविवार तोंडावर आला होता. वाटलं होतं, आप्पासाहेब दारातूनच हाकलतील. त्यांनी खुर्ची सरकवली, आणि समोरच्या हॉटेलवाल्याला हात करून दोन चहा सांगितले. कडूबा सांगतो, त्या दिवशी त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर चहा तरी गोड लागला असता.

“आप्पासाहेब,” तो म्हणाला, “हा निळा रंग का दिला?”

हिवाळाभर आप्पासाहेबांनी ज्याची वाट पाहिली तो प्रश्न असा, सगळं संपल्यावर आला होता.

“डोकी,” ते म्हणाले. “वाचनाला येनारे भिंतीला डोकं टेकून बसतेत. तेल चोपडलेली डोकी. चुन्याच्या भिंतीवर हे असे काळे डाग. ऑइलपेंट पुसता येतो. आमच्या भागूबाई फडकं मारतेत रोज.”

“आणि टाइल्स?”

“दगडी फरशीत इच्चू निघायचे. एका सभासदाला चावला. देवाच्या टाइल्स कशाला ते इचारू नका, भिंतीकडं तोंड करून कोन उभं राहायचं ते रस्त्यानं जानाऱ्या समद्याला म्हाईत हाय.”

“कमानी का बुजवल्या?”

“पेपर उडायचे,” आप्पासाहेब म्हणाले. “वारा असा शिरायचा, की मुंबईचा पेपर वाचायचा तर रस्त्यापलीकडं जावं लागायचं.”

कडूबाला हसू आलं. ज्याला त्यानं आंधळा ठरवलं होतं, तो माणूस ही इमारत रोज बघत होता. तेलकट डोकी, विंचू, उडणारे पेपर, सगळं बघत होता. आणि पाच वर्षं इमारत बघायला शिकलेल्या कडूबाला टेपवरचे आकडे तेवढे दिसले होते.

पण याच्यानं सभेत काय होणार? तेलकट डोक्यांच्या जोरावर ठराव थोडाच पडतो. काहीतरी अस्सल दाखवायला हवं होतं. आणि अस्सल काही उरलंच असेल तर ते त्या कमानींत, विटांच्या आड. “आप्पासाहेब, मधली कमान वरून जरा खोलून बघू का?” त्यानं विचारलं.

“उद्या समदं पडनारच हाय. खोला.”

कडूबानं शिडी लावली, छिन्नी-हातोडी घेतली आणि कमानीच्या माथ्याखालच्या विटा ठोकायला लागला. हे काम त्यानं आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. पहिला घाव अंगठ्यावर बसला, दुसरा विटेवर. चार-पाच विटा निघाल्या, आणि आत दगड दिसला. घडीव, काळा, कडा अजून धारदार. जुन्या गवंड्याच्या हातचा. कडूबा हरखला. “आप्पासाहेब, अस्सल! अस्सल आहे!” असं तो ओरडला, हात आत घालून दगड चाचपला, आणि त्याचा हात तिथंच थांबला.

कमानीच्या माथ्यावर मधोमध एक दगड असतो. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांना रेलून उभे असतात ते त्याच्या जिवावर. तो मधला दगड जागेवरून सुटून बोटभर खाली सरकला होता. त्र्याण्णवच्या भूकंपानं सरकला, की रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकांच्या हादऱ्यांनी, कुणास ठाऊक. खाली येऊन तो थांबला होता तो विटांवर. कडूबानं काढल्या त्यांच्या शेजारच्या विटांवर. आणखी दोन विटा काढल्या असत्या तर दगड, कमान, वरची भिंत आणि आर्किटेक्ट ढेपले, सगळे एकदमच ढेपाळले असते.

“आप्पासाहेब, बाहेर व्हा!”

“काय झालं?”

“बाहेर व्हा हो आधी! पडंल! लई वाईट हाय हे!”

पाच वर्षं घोटलेलं शहरी मराठी कुठल्याकुठं पळालं होतं. स्वतः मात्र तो शिडीवरच, दोन्ही हातांनी दगड वर रेटत उभा. दगड काही त्याच्या रेट्यानं थांबला नव्हता, पण हात काढायची छाती होईना. आप्पासाहेब बाहेर गेले नाहीत. शिडीखाली येऊन वर मान करून शांतपणे म्हणाले, “विटा काढल्यात कोनी?”

“मी.”

“मंग ज्यानं काढल्या त्यानं लावायच्या. माल मी आनतो.”

शेजारी कुणाचं तरी बांधकाम चालू होतं. तिथून आप्पासाहेब घमेलंभर सिमेंट कालवून ते आणि एक थापी घेऊन आले. गवंडी मिळाला नाही, बाजाराचा दिवस होता. कडूबानं थापी हातात घेतली. या थापीची आकृती त्यानं परीक्षेत काढलेली होती. वीट लावली ती वाकडी बसली. दुसरी तिच्यावर बसेना. सिमेंट निम्मं भिंतीवर, निम्मं दाढीत. आप्पासाहेब खालून सूचना देत होते आणि त्या सगळ्या चुकीच्या होत्या, कारण त्यांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. दोघांनी मिळून दगडाखाली विटा कशाबशा कोंबल्या, फटी लिंपल्या. दाढ सुजल्यासारखा एक फुगवटा त्या कमानीत तयार झाला. पण दगड बसला. कडूबा खाली उतरला.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो टाइल्सवर बसकण मारून हसायलाच लागला.

दुसऱ्या दिवशी सभेत काकासाहेबांनी ठराव वाचला, आणि आप्पासाहेब बोलायच्या आत कडूबा उभा राहिला. रात्री लिहून आणलेलं भाषण खिशात होतं. ते त्यानं तिथंच राहू दिलं.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “मी लिहिलं, या इमारतीत अस्सल काही नाही. आहे. मधली कमान शंभर टक्के अस्सल आहे. मी काल हात लावून बघितली. पण ती स्वतःच्या जोरावर उभी नाही. तिचा दगड निखळलाय. ती आप्पासाहेबांनी लावलेल्या विटांवर उभी आहे. त्यांनी त्या पेपर उडू नयेत म्हणून लावल्या. मी ज्याला गळा आवळणं म्हणालो, त्यानंच कमान धरून ठेवलीय. विटा नसत्या तर आज इथं पाडायलाही काही उरलं नसतं.”

काकासाहेब ताडकन उठले. “म्हणजे धोकादायक हाय! मी काय म्हणतो मंग?”

“दुरुस्त होते, काकासाहेब. खाली टेकू देऊन दगड परत वर चढवता येतो. आमच्या मॅडम फुकट येऊन दाखवतील.” हे कडूबानं मॅडमना न विचारताच सांगून टाकलं.

आप्पासाहेब त्याच्याकडं रोखून बघत होते. “ढेपले,” ते म्हणाले, “म्हातारं दुखावलं म्हणून गोड बोलताय का?”

कडूबाला ठाऊक होतं, इथं एक खोटा शब्द बोललो की हा माणूस उठून सही करील.

“नाय, आप्पासाहेब. टाइल्स घाणच हायेत. निळा रंगबी मला अजून बघवत नाय. पन टाइल्स काढता येत्यात. पाडलेली कमान कुनाला परत आनता येनार नाय.”

आप्पासाहेबांनी टोपी सारखी केली. मग काकासाहेबांकडं वळून, नेहमीच्या त्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, “निजामाच्या टायमाची वास्तू हाय. तिला हात लावू देनार नाय.” आणि सभा संपली.

प्रबंध कडूबानं पुन्हा लिहिला. कुठला बदल कुणी, कधी आणि कशासाठी केला, हे सगळं आप्पासाहेबांना विचारून विचारून त्यात घातलं. डोकी, विंचू, पेपर, सगळं. फक्त एक गोष्ट घातली नाही. स्वतः लावलेल्या विटांचा तो फुगवटा. तेवढं मोठं मन अजून झालेलं नव्हतं. कमानीची दुरुस्ती परीक्षेनंतर व्हायची होती, तोवर रंग मारून टाकू, कुणाला दिसतंय, असा त्याचा हिशेब होता.

तो रंग राहूनच गेला आणि परीक्षेला पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक म्हणाले, “चला, इमारत प्रत्यक्ष बघू.” मोठे नावाजलेले गृहस्थ. पद्मजा मॅडम बरोबर होत्या. आप्पासाहेब दाराशी खुर्चीवर, आत पेपर वाचणारे नेहमीचे लोक. परीक्षकांनी सगळं बारकाईनं पाहिलं, प्रबंधातली पानं उलटत उलटत कडूबाला दोनदा ‘छान’ म्हणाले, आणि मधल्या कमानीपुढं येऊन थांबले. पेन्सिलीनं त्यांनी फुगवट्यावर टकटक केलं.

“आणि हे काय? याची तुमच्या प्रबंधात नोंद नाही. इतकं गचाळ काम मी बऱ्याच वर्षांत बघितलं नाही. ओळंबा नाही, सांधा नाही. कुणी केलंय हे?”

कडूबाची डिग्री पेन्सिलीच्या टोकावर येऊन बसली होती.

“मी केलंय, साहेब,” दाराशी खुर्चीवरून आवाज आला. आप्पासाहेब उठून उभे राहिले होते. “इथलं समदं मीच बिघडवलंय. त्यातलंच हेबी. म्हातारपनी हात थरथरतो.”

परीक्षकांनी मान हलवली आणि वहीत लिहायला घेतलं. आणि एक क्षणभर, कडूबा शपथेवर सांगतो, त्याला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. मग त्यानं आप्पासाहेबांकडं पाहिलं. भरल्या सभेत स्वतःची निंदा एक शब्द न गाळता वाचून दाखवणारा तो माणूस, कडूबाच्या वाट्याची निंदा आपण होऊन अंगावर घेऊन हात बांधून उभा होता. कडूबाला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

“नाही सर,” तो म्हणाला. “ते मी केलंय. माझ्या हातानं. नोंदही मीच लपवली.” आणि परीक्षकांची पेन्सिल थांबलेली बघून त्यानं पुढचंही बोलून टाकलं. “आप्पासाहेबांचं काम यापेक्षा कितीतरी चांगलं असतं.”

परीक्षकांनी पेन्सिल पुन्हा वहीला टेकवली.

“साहेब,” आप्पासाहेब म्हणाले, “तेवढं शेवटचं वाक्य लिहून घ्या.”